पेशी मेलेल्या नव्हत्या!



मुलगी वर्षभर छान वाढते. खाऊ स्वतः उचलून खाते, ‘अम्मी’, ‘अब्बा’ म्हणते. मग दीड वर्षाच्या आसपास शिकलेलं विसरू लागते. बोलणं थांबतं, हातात काही धरता येत नाही, ती नुसते हात चोळत राहते. घरात कुजबुज सुरू होते : नजर लागली असेल, आईनेच गरोदरपणी हयगय केली असेल.

या आजाराचं नाव रेट सिंड्रोम. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला तो होतो. १९९९ मध्ये अमेरिकेत डॉ. हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने त्याचं कारण शोधलं. झोगबी मूळच्या लेबनॉनमधील बैरूतच्या. ‘एमईसीपी२’ नावाच्या जनुकात बिघाड झालेला असतो. हे जनुक वर्गातल्या मॉनिटरसारखं असतं. इतर जनुकांनी कधी आणि किती काम करायचं, यावर ते लक्ष ठेवतं.

२००१ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा इथे एड्रियन बर्ड यांच्या गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं काही आठवडे ठीक होती. नंतर त्यांची चाल बिघडली, श्वास अनियमित झाला. अशा उंदरांचा मेंदू लहान राहतो. त्यातल्या पेशी बारीक राहतात, त्यांच्या फांद्या कमी फुटतात. पण त्या मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त अडून राहते.

मग बर्ड यांनी हे जनुक जणू कुलूपबंद ठेवलेले उंदीर घेतले. आजार दिसू लागल्यावर औषधाने ते कुलूप उघडलं. बहुतेक उंदीर सावरले, पुन्हा नीट चालू लागले. हे २००७ साली घडलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मुलींसाठी पूर्ण बरं करणारा इलाज अजून नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध काही लक्षणंच कमी करतं. पण शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांना दिशा मिळाली आहे.

आणि आईचं काय? हा बिघाड बहुतेक वेळा नव्याने घडतो, तोही बरेचदा वडिलांकडून आलेल्या बीजात. त्यात ना आईचा कसूर, ना वडिलांचा.

मूल आलेले शब्द विसरू लागलं, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्ताच्या जनुकीय तपासणीने निदान होऊ शकतं. आणि त्या मुलीशी बोलत राहा. अशा कितीतरी मुली डोळ्यांनी उत्तर देतात.