आधी मर्यादा विचारा, मग पत्ते उचला

पोकर शिकवणारे गुरू पहिल्या दिवशी एकच धडा घोकून घेतात: जोडीपेक्षा स्ट्रेट मोठा, स्ट्रेटपेक्षा फ्लश मोठा. हे पाठ करायला शाळकरी पोरालाही तासभर लागत नाही. एका डावात जास्तीत जास्त किती पैसे जातील, हे मात्र कुणी सांगत नाही. असा गुरू माझ्या मते एक तर अडाणी असतो, नाहीतर त्याला शिष्य नको, गिऱ्हाईक हवं असतं.

टेबलावरच्या पाटीपासूनच नवखा फसतो. लिमिट पोकरमध्ये '१००-२००' म्हणजे बेटची ठरलेली रक्कम: पहिल्या दोन फेऱ्यांत १००, नंतरच्या दोन फेऱ्यांत २००. एका फेरीत सहसा एक बेट आणि तीन रेज, म्हणजे तीनदा वाढ, पुढे दार बंद. अशा टेबलावर हट्टाने शेवटपर्यंत भिडलात तरी एका डावात २,४०० रुपयांवर जात नाहीत. नो-लिमिटच्या पाटीवर तेच '१००-२००' असलं, तर ते फक्त ब्लाइंडचे आकडे असतात. पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. तिथे साधारण शंभर बिग ब्लाइंड, म्हणजे २०,००० रुपये घेऊन बसतात आणि पहिल्याच डावात तेवढे सगळे जाऊ शकतात. आकडे तेच, धोका आठपटींहून जास्त.

पॉट-लिमिट, म्हणजे पॉटमध्ये (डावात जमलेल्या पैशांत) आहे तेवढ्यापर्यंतच बेट, हा मधला सुरक्षित मार्ग, असं सांगणाऱ्यांना तर मी हात जोडतो. पॉटमध्ये १,००० आहेत. समोरच्याने पॉटएवढी बेट लावली, तुम्ही कॉल केलात, म्हणजे तेवढेच टाकलेत: झाले ३,०००. पुढच्या फेरीत तेच केलंत की ९,०००, शेवटच्या फेरीत २७,०००. तीन फेऱ्यांत तुमच्या खिशातून १३,००० गेले, तेही एकही रेज न होता. मर्यादा आहे खरी, पण ती दर फेरीला तिप्पट होते.

एक नियम मात्र खरोखर नवख्याच्या बाजूचा आहे: टेबल स्टेक्स. डाव सुरू झाल्यावर खिशातून पैसे काढता येत नाहीत. समोर आहे तेवढंच पणाला लागतं. हा नियम कौरवसभेत असता तर धर्मराज चिप्स संपल्यावर मुकाट उठला असता. पण डाव संपताच पुन्हा चिप्स विकत घ्यायला कुणी अडवत नाही. ती मर्यादा आपणच घालायची असते.

नो-लिमिट म्हणजे मर्दुमकी, या खुळाला २००३ साली जोर चढला. ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून जागा मिळवून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर जिंकली आणि २५ लाख डॉलर नेले. त्याचं नाव घेणारे विसरतात की ती स्पर्धा होती. हरला असता तर गेले असते ते ८६ डॉलर. त्याच्या धाडसाला तळ होता. तुमच्या कॅश टेबलाला तो कुठे आहे?

लिमिट पोकरही काही धर्मादाय संस्था नाही. तिथे पैसे सावकाश जातात, एवढंच. आणि कुणीही जिंको, पॉटमधला रेक, म्हणजे आपला वाटा, कॅसिनो घेतोच.

मला चीड येते ती आपल्या माणसांची. दिवाळीत तीन पत्तीला बसताना हेच लोक बूट किती, चाल कितीपर्यंत, हे आधी ठरवून घेतात. गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत पाऊल टाकलं की त्यांना विचारायची लाज वाटते. नवखे दिसू नये म्हणून अख्खा पगार पुढे सरकवतात. अरे, डीलरला विचारा: लिमिट कोणतं, ब्लाइंड किती, कमीत कमी किती चिप्स घेऊन बसता येतं, रेक किती. उत्तर कळलं नाही तर खुशाल उठा. ज्याला आपला जास्तीत जास्त तोटा आकड्यात सांगता येत नाही, त्याने पत्त्यांना हात लावू नये.