मचाणाचा पाईप आतून सडतो, कारण हवेला वाट नाही

चंद्रपूर/गडचिरोली : सुरजागडची खाण आणि कोनसरीचा कारखाना यामुळे दोन्ही जिल्ह्यांत लोखंडाची चर्चा रोजचीच. पण पाईप होऊन वावरात आलेलं लोखंड किती टिकतं, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

रानडुकरांपासून धान राखायला शेतकरी जागलीला जातो. वाघ-बिबट्याची भीती, म्हणून लोखंडी मचाण करून घेतो. बाहेरून रंग चकचकीत, पण पाईप आतून सडत असेल तर मचाणावरच्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

पाईपाची दोन्ही तोंडं वेल्डिंगनं बंद केली की हवा आत कोंडते. शेवटचा टाका मारताना ती तापून फुगते आणि वितळलेल्या धातूतून बाहेर फुटते. तिथं सुईच्या टोकाएवढं छिद्र राहतं. वरून रंग मारला की ते दिसत नाही. पुढे पाईप दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि त्या छिद्रातून ओलावा आत ओढतो. आत गेलेलं पाणी मात्र निघत नाही. झाडीपट्टीच्या पावसाळ्यात पातळ पत्र्याचा पाईप मग आतूनच गंजत जातो.

उपाय सोपा आहे. शेवटचा टाका मारण्याआधी ड्रिलनं ५-६ मिलिमीटरचं होल पाडायचं. ते पाईपाच्या खालच्या अंगाला, पाणी जिथं साचेल तिथं हवं. खांब जमिनीत गाडायचा असेल तर होल जमिनीच्या थोडं वर ठेवून खालचा भाग काँक्रीटनं भरायचा. कुंभारीण माशी होल मातीनं बुजवते, म्हणून पावसाआधी काडी घालून मोकळं करायचं.

गॅल्व्हनाईज करायच्या कामात तर हयगय चालतच नाही. जस्ताची कढई साधारण ४५० अंशांवर असते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ सुमारे १७०० पट जागा मागते. पाईप फुटून तप्त जस्त कामगारांच्या अंगावर उडू शकतं. तिथं दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या कोपऱ्यात मोठी होलं लागतात.

जुनं गेट दुरुस्तीला आलं तरी तोच धोका. बंद पाईपाला थेट रॉड लावू नये. आधी होल पाडून पाणी काढावं.

होल पाडायला मिनिटही लागत नाही. तरी गिऱ्हाईक फक्त किलोचा भाव विचारतं आणि कारागीर घाई करतो. ग्रामपंचायतींनी गेट-शेडच्या अंदाजपत्रकात ही एक ओळ टाकावी आणि बिल काढण्याआधी होल तपासावं. शेतकऱ्यानंही पैसे देताना मचाण खालून वाकून बघावं.