तारणावाचून दिलेली पत

धाराशिव जिल्हा आपल्या समाजाला मुख्यतः कुंथलगिरीमुळे परिचित आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाची ती निर्वाणभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना स्वीकारून देह ठेवला तोही तेथेच. धाराशिव शहरालगतच्या डोंगरातील लेण्यांत पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरू पुष्कळ आहेत. व्यापारी मंडळींना हा जिल्हा ठाऊक असतो तो सोयाबीन, तूर आणि ज्वारीच्या आवकेसाठी आणि पावसाच्या बेभरवशासाठी. या साऱ्या ओळखींबरोबर गेल्या काही वर्षांत आणखी एक ओळख पक्की झाली आहे. खो-खोच्या मैदानावर धाराशिवच्या मुलींचे नाव देशभर आदराने घेतले जाते. ही ओळख घडविण्यात सारिका काळे या खेळाडूचा वाटा मोठा आहे. त्यांची वाटचाल केवळ क्रीडाप्रेमींनीच नव्हे, तर पैशाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखी आहे.

खो-खो हा कमीत कमी भांडवलाचा खेळ. दोन खांब, आखलेले मैदान आणि धावणारे पाय एवढ्यावर तो उभा राहतो. आक्रमक संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, एकदा पकडलेली दिशा बदलता येत नाही. म्हणून तो बसलेल्या सोबत्याला पाठीमागून ‘खो’ देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे आणि बडोदे येथील आखाड्यांत व जिमखान्यांत या खेळाला नियमांची शिस्त लाभली. तरीही महागडी साधने लागत नसल्यामुळे तो खेड्यापाड्यांतील शाळांचाच राहिला.

साधनांचा खर्च नसला तरी खेळाडूच्या शरीराचा खर्च टळत नाही. मिनिटामिनिटाला वाकणे, वळणे, हुलकावणी देणे, खांबावर सूर मारणे यासाठी जी ताकद लागते, ती पोटातून येते. सारिका काळे यांच्या वाट्याला नेमकी तीच उणीव आली. वयाच्या तेराव्या वर्षी काकांनी त्यांना मैदानावर नेले आणि तेव्हापासून खेळ सुटला नाही. वडिलांच्या शारीरिक मर्यादांमुळे घरी कमाई तुटपुंजी होती. आई शिवणकाम आणि इतर घरची कामे करी. कुटुंबाचा आधार बव्हंशी आजी-आजोबांवर होता. जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकच वेळचे जेवण मिळत असे, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. सकस आहार मिळे तो शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. तरीही घरच्यांनी ‘खेळ सोड’ असे कधी म्हटले नाही, याचा त्या आवर्जून उल्लेख करतात.

२०१६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठ्या यशाचे ठरले आणि मोठ्या निराशेचेही. त्या वर्षी फेब्रुवारीत दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा ईशान्य भारतात झाल्या. खो-खोचा त्यांत प्रथमच समावेश झाला होता. भारताच्या महिला संघाचे नेतृत्व सारिका काळे यांच्याकडे होते आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील मुलीने देशाचे नेतृत्व करून सुवर्ण आणावे ही गोष्ट साधी नव्हती. परंतु पदकाने घरची चूल पेटत नाही. त्याच वर्षी आर्थिक ओढाताण असह्य होऊन त्यांनी खेळ सोडण्याचा निर्णय घेतला. त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचे आजीने येऊन प्रशिक्षकांना सांगितले.

हे प्रशिक्षक म्हणजे चंद्रजित जाधव. जिल्ह्यात खो-खो रुजविण्यासाठी त्यांनी दीर्घकाळ कष्ट घेतले आहेत. त्यांनी सारिकांची समजूत काढली, धीर दिला आणि त्यांना पुन्हा मैदानावर आणले. तोच आपल्या शिष्येच्या आयुष्यातला निर्णायक क्षण होता, असे ते नंतर म्हणाले. पुढे राज्य शासनाच्या सेवेत स्थान मिळाले आणि घराला स्थैर्य आले. त्यानंतर सुमारे वर्षभरातच, २०२० साली, त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

या पुरस्काराचे मोल नीट कळण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली बडोद्याचे सुधीर परब यांना मिळाला. त्यानंतर काही वर्षे या खेळाची नावे यादीत येत राहिली. १९९८ साली शोभा नारायण यांना हा सन्मान लाभला आणि मग यादीतील खो-खोचा रकाना तब्बल बावीस वर्षे रिकामा राहिला. तो भरला गेला धाराशिवच्या नावाने. २९ ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या निर्बंधांमुळे, राष्ट्रपतींनी हे पुरस्कार दूरदृश्य प्रणालीद्वारे प्रदान केले. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख रुपये करण्यात आली होती. ज्या घरात दुसऱ्या वेळच्या भाकरीचा हिशोब जुळत नव्हता, त्या घरासाठी या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मात्र ग्रामीण भागात खेळाडूचे यश लोकांच्या लक्षात फार उशिरा येते, ही खंत सारिका काळे यांनी त्या वेळीही बोलून दाखविली.

पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. भवानीमातेच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांच्या या गावी, काल पाटीवर बसून ‘खो’ची वाट पाहणारी मुलगी तालुक्यातील खेळांची जबाबदारी सांभाळू लागली होती. शाळांच्या क्रीडा स्पर्धा भरविणे, मैदाने खेळती ठेवणे, शासनाच्या योजना खऱ्या खेळाडूपर्यंत पोहोचविणे हे या पदाचे काम. कागदोपत्री ते कारकुनी वाटेल. पण उपाशी पोटी सराव करणारी मुलगी कोणती, हे अशा अधिकाऱ्याला अर्ज न वाचताही ओळखता येते.

जिल्ह्याची परंपरा त्यांच्यापाशी थांबली नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळला ७८-४० असे हरविले आणि त्या विजयी संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. २०१६ साली धाराशिवच्या एका मुलीने मैदान कायमचे सोडले असते, तर तिच्यामागून येणाऱ्या मुलींपुढे आपल्याच गावातले उदाहरण राहिले नसते.

बँकेच्या भाषेत पाहिले तर चंद्रजित जाधव यांनी जे केले ते तारणावाचून पत देणे होते. त्या दिवशी सारिका काळे यांच्यापाशी गहाण ठेवण्याजोगे काही नव्हते, परतफेडीची मुदत नव्हती, जामीनही नव्हता. कोणत्याही शाखेत असा प्रस्ताव नामंजूर झाला असता. आपल्या जुन्या पेढ्यांनी मात्र असे व्यवहार पुष्कळ केले आहेत. होतकरू मुलाला दुकानात ठेवून घेणे, त्याची चिकाटी पाहून पुढे त्याला माल उधार देणे आणि एके दिवशी त्याचे स्वतःचे दुकान उभे राहिलेले पाहणे, ही आपल्या व्यापाराची रीतच होती. त्या रीतीत कागदापेक्षा माणसाची पारख मोठी मानली जाई.

आपल्या धर्माने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. एका खेळाडूच्या या कहाणीत चारहींची गरज दिसते. सरावानंतर मिळणारे वाटीभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि पेलाभर दूध हे आहारदान. मुरगळलेल्या पायावर वेळेत उपचार हे औषधदान. चांगला मार्गदर्शक मिळणे हे ज्ञानदान. ‘घरची काळजी आम्ही पाहतो, तू खेळ’ असा शब्द मिळणे हे अभयदान. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, पाठशाळांसाठी, गोशाळांसाठी आपला समाज मोकळ्या हाताने देतो. गावातल्या शाळेच्या मैदानावर रोज सायंकाळी सराव करणाऱ्या दहा-बारा मुलींच्या खुराकाचा महिन्याचा खर्च एखाद्या मध्यम दुकानाच्या दिवाळीतील रोषणाईहून अधिक नसतो. तो उचलायला न्यास नोंदवावा लागत नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटून किराण्याचे एक खाते उघडून द्यावे आणि महिनाअखेर बिल चुकते करावे, एवढे पुरे.

पाटीवर बसलेल्या गड्याला मागे वळून पाहता येत नाही. पाठीमागून ‘खो’ येईल, एवढ्या विश्वासावर तो उठण्याच्या तयारीत बसलेला असतो. आपल्या गावात आज असे कितीजण बसले आहेत, याची चौकशी पर्युषणाच्या सुट्टीत प्रत्येक घराने एकदा करावी.