आरसा, चुंबक आणि काकांचा प्रश्न

परवा राळेगावला घरी सगळे जमलो होतो. भाचीने जाहीर केलं की तिला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचंय. झालं! काकांनी लगेच विचारलं, "अन् मंग त्याचा उपेग काय?" (काका, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे ठाऊक आहे. रागावू नका.)

तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर लांबलचक होतं, आणि पंगत वाढली होती.

जॉन केर म्हणून एक स्कॉटिश गृहस्थ होते. ग्लासगोत शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात गणित शिकवायचे. म्हणजे आपल्याकडचे डीएड कॉलेजातले सरच म्हणा ना. चुंबकामुळे काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर परिणाम होतो, हे फॅरडेने १८४५ मध्येच दाखवलं होतं. पण लोखंडातून प्रकाश आरपार जाणार कसा? केरसरांनी विद्युतचुंबकाचं लोखंडी टोक आरशासारखं घासूनपुसून लख्ख केलं आणि त्यावरून परत येणारा प्रकाश तपासला. प्रकाशाची लहर एकाच प्रतलात कंप पावत असेल, तर ते प्रतल परावर्तनानंतर किंचित वळतं. चुंबकाची दिशा उलटी केली की उलट्या बाजूला वळतं. किंचित म्हणजे एका अंशाहूनही कमी! १८७७ साली त्यांनी हे छापलं.

(प्रतल वगैरे डोक्यावरून गेलं असेल तर पोलराईज्ड गॉगल घाला आणि कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर गोल फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो.)

आता उपयोग. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करता येणारी सोनीची मिनीडिस्क याच गुणावर वाचली जायची. ती आली १९९२ मध्ये. म्हणजे ११५ वर्षांनी! आणि ती आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? तेव्हा 'उपयोग होतोच हो' हे उत्तर मी काकांना देणार नाही. ते लंगडं आहे.

पुढचं आपल्या मुंबईतलं. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या कस्तुरे, वेंगुर्लेकर आणि अचंता वेणू गोपाल यांनी जर्मन आणि रशियन मंडळींबरोबर लोहयुक्त गार्नेटवर सोन्याची अतिसूक्ष्म फटींची जाळी घेऊन काम केलं. चुंबकीय क्षेत्राने प्रकाश कमीजास्त करण्याचा हा एरवी नगण्य परिणाम तिथे कितीतरी पटींनी वाढला. २०११ मध्ये ते 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलं. शेवटी त्यांनीही लिहिलं ते एवढंच, की दूरसंचारात, चुंबकीय क्षेत्र मोजायला, माहिती साठवायला उपयोग होऊ शकेल. 'होऊ शकेल'!

माझं म्हणणं असं की इतक्या बारीक फरकामागे लागणारी माणसं कुठल्या तरी घरातूनच येतात ना? मग आपल्या का नाही? आमच्याकडे जिनिंगवर कापूस हातात घेऊन धागा नुसत्या बोटांनी जोखणारी माणसं आहेत. बारकावा आपल्याला परका नाही. फक्त पोरीने तो प्रकाशात शोधायचा म्हटलं की आपण पगार विचारतो.

काकांची काळजी खोटी नाही. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, आणि फी मी भरतो म्हटलं तरी तिची वर्षं मला परत देता येणार नाहीत. तरीही तिला जाऊ द्यावं, असं माझं मत आहे.

फॉर्म अजून भरलेला नाही. माझा गॉगल मात्र ती घेऊन गेली आहे.