लहान म्हणजे अर्धे नव्हे

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, हा समज आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत अजून ठाण मांडून बसला आहे. वडिलांच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलाला चालतो, असे आपण सहज म्हणतो. आणि पालकांनी आग्रह धरला की एखादे डॉक्टरही तशी चिठ्ठी लिहून देतात.

वैद्यकाचा इतिहास निराळे सांगतो. क्लोरॅम्फेनिकॉल नवजात अर्भकांना दिल्यावर त्यांतील काही करड्या वर्णाची होऊन दगावली. त्यांच्या कोवळ्या यकृताला त्याचा निचरा करता येत नव्हता, हे १९५९ साली उघड झाले. ॲस्पिरिनचा रे नावाच्या घातक विकाराशी संबंध दिसल्यावर ब्रिटनने १९८६ साली १२ वर्षांखालील मुलांना ते देणे थांबविले. आपल्या सरकारने २०११ साली त्याच वयाच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी घातली. प्रश्न तुकडा केवढा, एवढाच नव्हता. शरीरच निराळे होते.

मी दरबारी गवयाचा मुलगा, पेशाने संगीतशिक्षक. औषधांविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न आता शिकवणीच्या खोलीपर्यंत आला आहे. स्पर्धेत मुलाचे हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी द्यावी काय, असे पालक विचारू लागले आहेत. काही मोठे वादक ती घेतात, हे खरे. पण ती मुळात रक्तदाबाची व हृदयविकाराची गोळी. दमेकरी मुलाच्या श्वासनलिका ती आवळू शकते. उपाशी मुलाच्या रक्तातील साखर उतरवू शकते. आणि स्पर्धेच्या सकाळी मुलांच्या पोटात घास जातो कुठे?

हेच औषध तान्ह्या मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर तज्ज्ञ डॉक्टर वजन पाहून, देखरेखीखाली देतात, आणि गुण येतो. तेव्हा मोठ्यांचे औषध मुलांना वर्ज्यच, असे माझे म्हणणे नाही. गरज आजाराची आहे की आपल्या हौसेची, एवढे आधी पाहावे. या वयाच्या मुलांत हे औषध तपासले आहे काय, मात्रा वजनावर ठरविली आहे काय, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

मंचावरची थरथर हा बहुधा रोग नव्हे. आधी घरच्या चौघांपुढे, मग शेजारच्या दहांपुढे बसविले की ती हळूहळू जिरते. कोवळ्या गळ्याला आम्ही मोठ्यांच्या पट्टीत गायला लावीत नाही. तोच विवेक औषधाच्या बाबतीत का सुटावा?