न पाठविलेली खिडकी

एखाद्याच्या कामाची पारख करतांना तें काम सगळें पाहावें, कीं त्यांतला आपणांस न रुचलेला भाग तेवढा पाहून निकाल द्यावा? प्रश्न वरवर पाहतां सोपा आहे व त्याचें योग्य उत्तर कोणीही तत्काळ देईल. परंतु प्रसंग आला म्हणजे आपण नेमके उलट वागतों. शिक्षक वागतात, आईबाप वागतात, सरकारेंही वागतात. आयर्लंडच्या सरकारनें आपल्या एका श्रेष्ठ कलावंताशीं असेंच वर्तन केलें. त्या कलावंताचें नांव हॅरी क्लार्क. त्यांची हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवावी, व तिजवरून आमचें जें मत बनलें आहे तेंही सांगावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

क्लार्क ह्यांचा जन्म १७ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं, डब्लिन शहरीं झाला. त्यांचे वडील जॉशुआ हे इंग्लंडांतील लीड्स गांवाहून तेथें येऊन स्थायिक झाले होते, व चर्चच्या इमारती सजविण्याचा त्यांचा धंदा होता. हॅरी चौदा वर्षांचे असतांना त्यांची आई वारली; पुढें दोन वर्षांत शाळाही सुटली. मग दिवसा वडिलांच्या कारखान्यांत उमेदवारी व रात्रीं कलाशाळेंतील वर्ग, असा क्रम सुरू झाला. कलाशाळेंत आल्फ्रेड चाइल्ड हे त्यांचे गुरु होते. १९१० सालीं रंगीत कांचेच्या कामाबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे घरचें काम संभाळून अभ्यास करतात, त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

रंगीत कांचेची खिडकी म्हणजे कांचेवर काढलेलें चित्र, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नव्हे. प्रथम लहान आराखडा, नंतर खिडकीएवढें पूर्ण आकाराचें रेखाचित्र. त्याबरहुकूम रंगीत कांचेचे तुकडे कापावयाचे. चेहऱ्याच्या व वस्त्रांच्या रेषा काळसर रंगानें काढून ते तुकडे भट्टींत भाजावयाचे, म्हणजे रंग कांचेशीं एकजीव होतो. आणि शेवटीं शिशाच्या पट्ट्यांत ते बसवून सांध्यांस डाख द्यावयाचा. क्लार्क ह्यांनीं ह्यांतील एक रीत पराकोटीस नेली. फिकट कांचेवर गडद कांचेचा पातळ थर चढविलेला असतो. जेवढा भाग राखावयाचा त्यावर मेण लावून उरलेला थर ते तेजाबाकडून खाववीत. अशा युक्तीनें एकाच तुकड्यावर गडद रंगापासून अगदीं फिकट रंगापर्यंतच्या छटा उमटत. त्यांच्या खिडक्यांतील निळा रंग प्रसिद्ध आहे. तो दैवी देणगीचा रंग आहे असें कोणी म्हटलें तर आम्ही नाहीं म्हणणार नाहीं. मात्र ती देणगी भट्टीच्या धगींतून व तेजाबाच्या वाफेंतून गेलेली आहे, एवढें आम्ही पुढें जोडूं.

कॉर्क शहरांतील होनन उपासनामंदिरांत त्यांनीं १९१५ ते १९१७ ह्या काळांत अकरा खिडक्या बसविल्या व त्यांचें नांव झालें. त्यांपैकीं संत गोबनेट हिची खिडकी विशेष वाखाणली जाते. ही साध्वी मधमाश्यांची कैवारी मानली जाते. तिच्या माश्या चोरांवर तुटून पडल्याचा देखावा क्लार्क ह्यांनीं त्या खिडकींत घातला आहे. क्लार्क स्वतः रोमन कॅथलिक होते. तथापि कॅसलटाउनशेंड येथील प्रॉटेस्टंट चर्चमध्येंही त्यांच्या खिडक्या आहेत. पंथभेदानें दुभंगलेल्या त्या देशांत ही गोष्ट लहान नव्हे.

पुस्तकांतील चित्रें काढण्यांतही त्यांचा हातखंडा होता. कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या काव्यासाठीं तयार केलेलें काम १९१६ च्या ईस्टरमधील उठावांत नष्ट झालें. तरी त्याच वर्षीं हॅन्स अँडरसनच्या परीकथा त्यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाल्या. १९१९ सालीं एडगर ॲलन पो ह्याच्या भयकथा व १९२५ सालीं गटेचें ‘फाउस्ट’ हीं त्यांच्या चित्रांसह निघालीं. परीकथेंतील कोमलता व भयकथेंतील कराल छाया हीं दोन्हीं एकाच हातचीं होतीं, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

आतां मुख्य प्रसंग. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या इमारतीस आयर्लंडकडून भेट म्हणून एक खिडकी द्यावी, असें सरकारनें ठरविलें व तें काम क्लार्क ह्यांस सांगितलें. आपल्या देशाचें साहित्य हा विषय घेऊन त्यांनीं आठ भागांची खिडकी रचली. येट्स, शॉ, सिंज, लेडी ग्रेगरी, जॉइस अशा पंधरा लेखकांच्या कृतींतील प्रसंग तींत आले. ह्या सुमारास क्षयानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. उपचारासाठीं स्वित्झर्लंडांतील डाव्होस येथें जाऊन राहावें लागलें होतें. तशा स्थितींत १९३० सालीं खिडकी पुरी झाली.

सरकारनें ती पाहिली, आणि तेथेंच घोडें अडलें. लियम ओफ्लॅहर्टीच्या एका कादंबरीवरील भागांत जवळजवळ विवस्त्र अशी एक नर्तकी होती. मंत्रिमंडळाचे अध्यक्ष कॉसग्रेव्ह ह्यांनीं त्या भागास हरकत घेतली. कांहीं लेखकांची निवडही लोकांस रुचणार नाहीं असें सरकारास वाटलें. त्यापूर्वीं एकच वर्ष, १९२९ सालीं, त्या देशांत पुस्तकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेळची हवा कळते. निर्णय लांबत गेला. क्लार्क पुन्हां स्वित्झर्लंडांत गेले, आणि मायदेशीं परततांना कूर गांवीं ६ जानेवारी १९३१ रोजीं वारले. वय अवघें एकेचाळीस. खिडकी स्वित्झर्लंडास जावयाची होती. ती गेली नाहीं, तिचा कर्ता मात्र तेथेंच राहिला. पंधरा वर्षांनीं त्यांची कबरही उकरून अस्थि सामायिक कबरेंत पुरण्यांत आल्या. सरकारनें दिलेली रक्कम परत करून क्लार्क ह्यांच्या पत्नी मार्गारेट, ज्या स्वतः नामांकित चित्रकर्त्री होत्या, त्यांनीं ती खिडकी सोडवून घेतली. १९८८ सालीं ती अमेरिकेस गेली, व आज फ्लॉरिडांतील मायामी बीच येथील वोल्फसोनियन संग्रहालयांत आहे.

सरकारच्या बाजूनेंही कांहीं बोलण्यासारखें आहे. राष्ट्राच्या नांवानें जी भेट द्यावयाची, तींत काय असावें हें ठरविण्याचा अधिकार देणाऱ्यास असतो. शाळेच्या भिंतीवर कोणतें चित्र लावावें ह्याचा विचार आम्हीही करतों, व तो सोडून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु अधिकार असणें निराळें व तो न्यायानें चालविणें निराळें. आठ भागांच्या खिडकींत एका भागापुढें अडखळून सगळी खिडकी दूर सारावी, हा न्याय नव्हे. ज्या हातांनीं संतांचीं मुखें रंगविलीं, त्याच हातांनीं मनुष्याचा मोहही दाखविला. मोह दाखविणें म्हणजे मोहास वंदन करणें नव्हे. पवित्र शास्त्रांत दावीद राजाचें पाप झांकलेलें नाहीं. म्हणून त्याची स्तोत्रें आम्हीं टाकून दिलीं काय?

हें लिहितांना आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांस आठवते. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें वार्षिक अंकासाठीं आपल्या घरावर निबंध लिहून दिला होता. आईचे कष्ट, पावसांत गळणारें छप्पर, धाकट्या बहिणीचा हट्ट, सर्व कांहीं सुरेख उतरलें होतें. मात्र एका परिच्छेदांत बापाच्या दारूचें वर्णन होतें. ‘असलें छापीत नसतात,’ असें म्हणून आम्हीं सबंध निबंध परत केला. त्या मुलानें तो मुकाट्यानें घडी करून खिशांत ठेवला, आणि पुन्हां आमच्याकडे एक ओळही दिली नाहीं. आज वाटतें, त्याला जवळ बसवून घ्यावयास हवें होतें. तो परिच्छेद कां लिहिला, हें विचारावयास हवें होतें. कदाचित् त्या परिच्छेदासाठींच त्यानें बाकीचा निबंध लिहिला असेल.

म्हणून आमचें मत असें कीं, परीक्षकाच्या जागीं बसणाऱ्यानें आधीं सगळें पाहावें, मग बोलावें. आणि नकारच द्यावयाचा तर तो वेळेवर व समोरासमोर द्यावा. आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें कीं, ज्यांच्या वह्या आमच्यासारख्यांनीं कधीं परत केल्या असतील, त्यांनीं त्या फाडून टाकूं नयेत. पुढील अंकासाठीं त्या पुन्हां आणून द्याव्या. ह्या खेपेस आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचूं.