बाटली गाडीत राहिली

मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारी आपली कुटुंबे आता बरीच आहेत. आम्हीही त्याच दिवसांत कॅलिफोर्नियात थोरल्याकडे होतो. त्याने सहल ठरवली: आधी डेथ व्हॅलीचे वाळवंट, मग सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून योसेमिटी. दोन्ही राष्ट्रीय उद्याने. बरोबर आमच्या अम्मी, वय अडुसष्ट.

डेथ व्हॅलीतले बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. १९१३ च्या जुलैत या खोऱ्यात ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मे महिन्यात दुपारचा पारा ३८ च्या आसपास असतो. "अकोल्याच्या माणसाला याचे काय!" असे म्हणत आम्ही अकरा वाजता मिठाच्या पांढऱ्या मैदानात उतरलो. पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या.

तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसण्याआधीच वाळतो. अंगातले पाणी किती गेले, ते कळतच नाही. दहा मिनिटे चाललो आणि अम्मी एकाएकी गप्प झाल्या. डोके गरगरत होते. सावली कुठेच नव्हती. दोघांनी हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणले, गार हवेत बसवले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने त्या बोलल्या, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. अल्लाहचे लाख शुक्र.

मग त्यांना डांटेज व्ह्यू या उंच जागी नेले. बॅडवॉटरपेक्षा तिथे सुमारे १४ अंशांनी गार असते. अम्मींनी तिथे शाल मागितली!

दोन दिवसांनी पर्वत ओलांडायचा होता. वाट टायोगा खिंडीतून, उंची तीन हजार मीटरहून अधिक. बर्फामुळे हा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, कधी जूनपर्यंतही बंद असतो. आम्ही विचारलेच नव्हते. थोरला म्हणाला, "फाटकापर्यंत जाऊन तर बघू." अम्मी म्हणाल्या, "बेटा, परवा विचारलं नाही, आज तरी विचार." फोन केला. रस्ता बंद. लांबचा वळसा घेतला, सारा दिवस गाडीत गेला.

पण ज्या बर्फाने वाट अडवली, त्याचेच पाणी योसेमिटीत ७३९ मीटरवरून धो धो कोसळताना पाहिले. ऑगस्टपर्यंत हा धबधबा बहुधा आटतो. खालच्या नदीत मात्र कुणालाही उतरू दिले नाही. वितळलेल्या बर्फाचे ते पाणी हाडे गोठवणारे, आणि ओढ भारी.

यंदा कुणी जाणार असाल, तर माणशी रोज चार लिटर पाणी घ्या आणि चालताना ते हातात ठेवा. फजरनंतर लगेच निघा, दहापर्यंत वाळवंटातले चालणे संपवा. डोंगरातला रस्ता उघडा आहे का, ते निघण्याच्या दिवशीच विचारा. आणि घरातले वडीलधारे चालता चालता गप्प झाले, तर फोटो राहू द्या, आधी गाडीकडे वळा.